मावशीचा पाय आणि पंधरा ऑगस्ट

आमच्या भिलाईत ऑगस्ट लागला की कपडे वाळत नाहीत. पाऊस थांबला तरी हवा तशीच ओली. दोरीवर सकाळी घातलेला टॉवेल संध्याकाळीही हाताला गार लागतो. त्याच दिवसांत चौकात सायकलीवर झेंडे विकायला येतात. यंदाही आले. आमच्या मरोदा वस्तीच्या बाजारातून भाजी घेऊन येत होते, तर ऑटोच्या आरशाला, दुकानाच्या शटरला, एका म्हशीच्या शिंगालासुद्धा कोणीतरी कागदी तिरंगा बांधलेला. सगळे खुशीत. मी मात्र मान खाली घातली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भरभर चालू लागले. तीन वर्षं झाली, तरी झेंडे दिसले की मला आधी इस्त्रीखाली वाफाळणाऱ्या जुन्या सुती लुगड्याचा वास येतो, मग बाकीचं सगळं.

मी काही लिहिणारी बाई नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढे जे वाचलं ते चर्चच्या कपाटातलं नाहीतर सामान बांधून आलेल्या कागदावरचं. तेव्हा बोलते तसंच लिहिते.

मावशी म्हणजे चंद्रभागाबाई. नात्यातली नाही, आमच्या लायनीतली, म्हणजे प्लांटच्या क्वार्टरांच्या ओळीतली. माझ्या क्वार्टरपासून तिचं तिसरं दार. ती भंडाऱ्याकडची, बौद्ध. आम्ही चांद्याकडचे ख्रिस्ती. तिचा नवरा आणि माझे यजमान दोघेही स्टील प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते, एकाच शिफ्टला, आणि कितीतरी वर्षं एकाच सायकलवर. आता दोघेही नाहीत. राहिलो आम्ही दोघी, आणि भिंतीवर तिच्याकडे बुद्ध, माझ्याकडे क्रूस.

मावशीला साखरेचा आजार. त्या वर्षी डाव्या पायाला, करंगळीच्या खाली, जखम झाली. चप्पल लागली म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, रोज धुवा, रोज कोरडं करा, रोज पट्टी बदला, एक दिवस चुकवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगा विनोद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे, त्याच्या शिफ्टचा भरवसा नाही. मग ते काम माझ्याकडे आलं. आलं काय, मीच मागून घेतलं.

हे काम मला सासूबाईंनी शिकवलेलं. त्या मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. कोमट पाण्यात मीठ, पाणी कोपरानं तपासायचं, मग तांब्यानं बारीक धार जखमेवर धरायची. किती वेळ? ओल्या हातानं घड्याळ बघायचं नसतं, असं त्या म्हणत. प्रभूची प्रार्थना तीनदा म्हणून होईल इतका वेळ, घाई न करता. तिसऱ्यांदा आमेन झालं की धार थांबवायची. यजमानांचे भाजलेले हात, शेजारच्या पोरांचे फुटलेले गुडघे, सगळं मी असंच धुतलं. डोळे मिटून, ओठ हलवत. धार हातानं कळते, डोळे लागत नाहीत.

मावशीला ते चांगलं ठाऊक झालं होतं. एखाद्या दिवशी चुलीवर डाळ ठेवून आलेली असले की माझं तोंड जरा पळायचं.

"कावून वो सुमन," ती म्हणायची, "आज तुह्या देवाले ड्युटीवर जायचं हाये काय? लवकर आमेन झालं."

"डाळ उतू जाईन माह्यी."

"जाऊ दे उतू. माह्या पायाची एक आमेन बाकी हाये. टाक पानी."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ती माझ्याकडे बघत, पान चघळत, कोण कोणाच्या घरातून भांडून निघालं ते सांगत राहायची. मी तिला कधी माझ्या देवाचं काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पाय मात्र भरत आला होता. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, असंच ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मिटेल.

पंधरा ऑगस्टला पाच दिवस उरले असताना देवरावभाऊ माझ्या दारात आले. देवरावभाऊ म्हणजे आमच्या लायनीच्या झेंडा समितीचे अध्यक्ष, क्रेन चालवून रिटायर झालेले. गोंदियाकडच्या शेतकरी घरातले, सरळ माणूस. यजमान गेले तेव्हा पहिला खांदा त्यांनी दिला होता. दरवर्षी या दिवसांत त्यांच्या बोटांना खळ लागलेली असते, पताका चिकटवून चिकटवून. त्या दिवशीही होती. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. बसलेही नाहीत. मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

मीच होते त्यात. मावशीच्या खिडकीबाहेरून कोणीतरी काढलेला व्हिडिओ. मी खाली बसलेली, मावशीचा पाय मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. पाण्याची धार दिसत नव्हती, खिडकीच्या चौकटीत ती येतच नव्हती. खाली हिंदीत लिहिलं होतं, देखिए, मरोदा में बूढ़ी औरतों का धर्म कैसे बदला जा रहा है.

"किती लोकांनी पाह्यलं?" मी विचारलं.

"वहिनी, सगळ्यांनी पाह्यलं."

माझ्या हाताला पीठ होतं. ते मी पदराला पुसलं, मग कळलं की पदर धुतलेला होता. माणसाला अशा वेळी काय काय सुचतं बघा.

"बाहेरचे दोघं जण आले होते काल," देवरावभाऊ हळूच म्हणाले. "म्हणून राहिले होते, झेंड्याच्या दिवशी आमी येतो, माइकवर विचारतो तुमच्या लायनीत काय चालू हाये ते. विनोदच्या ठेकेदाराचाही नंबर घेऊन गेले. पोराची नोकरी जाईन, वहिनी. त्याच्या घरी लेकरू होऊन राहिलं."

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्याच अक्षरातला. मी, खाली सही करणार, चंद्रभागाबाईंच्या घरी कोणतीही प्रार्थना करत नाही व यापुढे करणार नाही.

"यावर सही करा अन् उद्यापासून बिनधास्त जा. कोनी बोललं तं मी हा कागद दाखवतो. तुमी तं टाइमच मोजत होत्या ना? मले ठाऊक नाही काय? आमच्या घरच्या लहान वहिनीचा हात पोळला तवा तुमी तसंच केलं होतं. खोटं थोडीच हाये हे."

तो कागद हातात घेऊन मी पुन्हा एकदा वाचला. अर्धं खरं होतं ते. पण अर्धंच. मावशीचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन मी देवाला आवाज देत होते, ते फक्त मिनिटं मोजायला? आतापर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं तर आतून उत्तर आलं, नाही. मी तिच्यासाठी मागत होते. तिचा पाय मागत होते. आणि सही केली तर ते खोटं ठरत होतं.

"भाऊ, माझ्यानं नाही होणार," मी कागद परत देत म्हटलं.

"मंग चार-पाच दिवस जाऊ नका. झेंडा होऊ द्या. मंग पाहू. विनोदले सांगितलं मी, तो बांधून देईन पट्टी."

आणि मी मान हलवली.

पुढचं सांगण्याआधी एक जुनी गोष्ट मधेच येते, ती येऊ द्या. मी चौथीत असेन. वडील रेल्वेत गँगमन होते. पंधरा ऑगस्टला पांढरा फ्रॉक घालून शाळेत गेले, तर एक मुलगी म्हणाली, "तुमचे लोक तं गेले जहाजात बसून, तू कावून नाचून राहिली?" मी रडत घरी आले. वडील रुळावरून येऊन पाय धूत होते. ऐकून हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आपले लोक कुठं गेले बेटा? आपुन तं इथंच हावो. जा, परत जा, लाडू वाटाचे राह्यले असतीन." मी परत गेले. लाडू वाटले. त्या मुलीलाही दिला. आता वाटतं, वडिलांना तेव्हा किती सहज जमलं ते. मला साठीत जमलं नाही.

त्याच आठवड्यात रविवार आला. आमच्या चर्चमध्ये स्वातंत्र्याची खास उपासना होती. वेदीजवळ तिरंगी फुलं. पाळकसाहेब तरुण आहेत, चांगलं बोलतात. त्या दिवशी म्हणाले, गुलामाला दुसऱ्याचे पाय धुवावेच लागतात, तो नाही म्हणू शकत नाही. स्वतंत्र माणूस आपल्या खुशीनं खाली वाकतो. देवानं आपल्याला मोकळं केलं ते यासाठीच. माझे डोळे भरून आले. वाटलं, हे माझ्यासाठीच आहे, उपासना संपली की सरळ मावशीकडे जाते.

बाहेर पायऱ्यांवर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"सुमनताई, तो व्हिडिओ पाहिला मी. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

"मग जाऊ ना मी?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. गेटाशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या, कोणाच्या होत्या ठाऊक नाही. "चार दिवस थांबा, ताई. मंडळीचा विचार करा. तुमच्यामागे शंभर घरं आहेत."

त्यांना मी दोष देत नाही. त्यांचं लेकरू त्यांच्या पायाला बिलगलेलं होतं तेव्हा. मी घरी आले.

त्या चार दिवसांत मी काय केलं ते सांगते. पट्ट्या केल्या. जुनी लुगडी फाडली, पट्ट्या उकळल्या, पिळल्या. दोरीवर वाळेनात म्हणून ओल्याच इस्त्रीखाली घातल्या. वाफ तोंडावर यायची. गुंडाळ्या करून डब्यात रचल्या. पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी बारा. महिनाभर पुरतील एवढ्या. तीन दारं पलीकडे पाय होता आणि मी इकडे पट्ट्यांचा डोंगर करत होते. बाहेर पावलं वाजली की इस्त्री उभी करून खिडकीशी जायची. कोणी नसायचं. दूधवाला, नाहीतर शिफ्ट सुटलेली माणसं. एकदा फटफटीचा आवाज आमच्या दाराशी थांबला, तेव्हा मी क्रूस भिंतीवरून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवला. बायकोला सोडायला आलेला शेजारी होता तो. क्रूस परत लावताना मला भीती नाही, लाज वाटली.

विनोदला रोज फोन करायची.

"पाय कसा हाये रे?"

"ठीक है काकू. बांध दिया मैंने."

"धुतला काय?"

"हाँ हाँ, पट्टी नयी लगाई. आप टेन्शन मत लो. अभी मत आना, प्लीज."

त्याचं ते प्लीज माझ्या कानात रुतून बसलं. सत्तावीस वर्षांचं पोर, माझ्याच हातचा शिरा खाऊन मोठं झालेलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी पाऊस नव्हता. ढग मात्र प्लांटच्या चिमण्यांवर टेकलेले. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसले आणि झेंड्याच्या मैदानात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढच्या रांगेत एक खुर्ची असते दरवर्षी. लायनीतलं सर्वांत मोठं माणूस म्हणून मावशीची. तिला राष्ट्रगीताला उभं राहायचंच असायचं, दोघांनी धरून उभं करावं लागे, आणि मग ती सगळ्यांच्या एक शब्द पुढे म्हणत जायची. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. तिला तिरंगी रिबीन बांधलेली.

ते बाहेरचे दोघे आले होते की नाही, मला आजही ठाऊक नाही. अनोळखी चेहरा दिसला की तोच वाटायचा. देवरावभाऊंनी दोरी ओढली, फुलं पडली. मग माइकवर म्हणाले, "चंद्रभागाबाईची तब्येत बरी नाही, म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत." राष्ट्रगीत सुरू झालं. सगळी लाईन एका सुरात, आणि मला त्यात तिचा पुढे पळणारा आवाज ऐकू येईना.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. इतकी साधी की शरम वाटली. देवरावभाऊंनी मला विचारलं होतं. विनोदला विचारलं होतं. पाळकसाहेबांनी मंडळीचा विचार केला. मी माझ्या खऱ्या-खोट्याचा विचार केला, चार दिवस, चार रात्री. ज्या बाईचा पाय, जिचं घर, तिला कोणीच काही विचारलं नव्हतं.

राष्ट्रगीत संपेपर्यंत मी हलले नाही. संपलं तशी घरी जाऊन डबा उचलला आणि तिच्या दारात गेले. विनोदनं दार अर्धंच उघडलं.

"काकू, आज नहीं. बाहर लोग हैं."

त्याच्या खांद्यावरून मी आत आवाज दिला. "मावशी, मी सुमन. येऊ काय?"

आत खाट करकरली.

"कोन मेलं होतं तुह्या घरी," मावशी म्हणाली, "का चार दिवस आली नाही?"

विनोदनं डोळे मिटून घेतले. त्यानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. मीच मग उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं, व्हिडिओ, कागद, नोकरी, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इतके दिवस तुह्यी आमेन ऐकून राहिली मी," ती म्हणाली. "मले खुपली असती तं मले तोंड नाही काय? दीक्षा घेतली तवा माह्या बापाले गाव सोडा लागलं, मी लेकरू होती, चालत आली मी. माह्या घरात कोनी काय म्हनावं ते मी सांगीन. विनोद, दार उघड पुरं. खिडकीबी उघड. ज्याले फोटो काढायचा हाये त्यानं समोरून काढावा."

विनोदनं दार उघडलं.

मी पाय मांडीवर घेतला. आणि पट्टी सोडायला लागले तर ती संपेना. एकाखाली एक, एकाखाली एक. पोरानं रोज नवी पट्टी बांधली होती, पण जुनीच्या वरून. आतली काढायला त्याला भीती वाटली. वरून पांढरी शुभ्र, आत पाचवा दिवस. शेवटच्या थरापर्यंत येण्याआधीच वास आला. विनोद मोरीकडे पळाला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट काळं पडलं होतं, आणि काळेपण वर चढायला लागलं होतं.

मी धार धरली. ओठ हलवायला गेले तर शब्दच येईनात. ज्या प्रार्थनेसाठी मी सही केली नव्हती, ती त्या दिवशी माझ्या तोंडातून निघाली नाही. पाणी वाहत राहिलं. किती वेळ, काही कळलं नाही.

"मुकी झाली काय वो?" मावशीनं विचारलं. तिला खाली दिसत नव्हतं. साखरेनं बोटं बधिर झालेली, तिला तिथं दुखतही नव्हतं काही.

मी वर पाहिलं तर दारात देवरावभाऊ. मैदानातून सरळ आलेले, शर्टाला कागदी झेंडा टाचलेला. त्यांच्यामागे आणखी चार-सहा माणसं. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग पट्ट्यांच्या ढिगाकडे. मग देवरावभाऊ मैदानात गेले आणि तीच रिबीन बांधलेली खुर्ची घेऊन आले. एका बाजूनं त्यांनी, दुसऱ्या बाजूनं विनोदनं धरली. लायनीतून मावशी खुर्चीवर बसून निघाली तेव्हा पोरं वाटेवर बुंदी खात उभी होती, आणि ती त्यांना म्हणत होती, "माह्यी पुडी ठेवा रे, संपवू नका."

दवाखान्यात दोन बोटं काढली. पाय वाचला. डॉक्टरांनी रागावून विचारलं, इतके दिवस कोण झोपलं होतं.

बाकावर बसल्यावर देवरावभाऊंनी शर्टाचा झेंडा काढून हळूच खिशात ठेवला. त्याच खिशात तो कागद अजून होता, टोक दिसत होतं. मग म्हणाले, "मी थांबवलं तुमाले, वहिनी."

"तुमी म्हटलं," मी म्हणाले. "थांबली मी. माह्या दाराले कुलूप कोणी लावलं होतं?"

ते रडले. मी रडले नाही. पाळकसाहेबांचं वाक्य मनात फिरत होतं, स्वतंत्र माणूस आपल्या खुशीनं वाकतो. त्यात एक त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि बहुतेक त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्वतंत्र माणूस आपल्या खुशीनं घरीही बसून राहतो. कोणी बांधलेलं नसताना.

विनोदची नोकरी गेली नाही. ठेकेदाराला फोन कोणी केलाच नाही म्हणे. पण गेली असती, तरी मी मावशीकडे जायला पाहिजे होतं काय, याचं उत्तर मला आजही येत नाही. तो बाप झालेला आहे. मला बघितलं की अजून नजर चोरतो, आणि मीही त्याची. लायनीत काही लोक माझ्याशी बोलत नाहीत. खिडकीबाहेर कधी कधी कोणी उभं राहतं, मला कळतं. भीती अजून वाटते. ती गेलेली नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

साखरेचा पाय रोज धुवावाच लागतो, म्हणून मी रोज जाते. यंदाच्या ऑगस्टातही जाते. दार उघडं, खिडकी उघडी. कोपरानं पाणी तपासते, धार धरते, तीनदा म्हणते, मोठ्यानं म्हणते. मावशीच्या डाव्या पायाला आता तीन बोटं आहेत. ती धुऊन झाली, बोटांमधली जागा कोरडी केली की बाजूच्या गुळगुळीत जागेवरही मी पाणी सोडते. डॉक्टर म्हणाले, तिथली जखम कधीच भरली, तिथं काही करायची गरज नाही. मावशी म्हणते, "तिथं काय धुतं वो, तिथं तं काहीच नाही." मला माहीत आहे तिथं काही नाही. तरी धुते.